झोपेत गेले

माझे बाबा झोपेत गेले. आमच्या गावात हे वाक्य बोलताना माणसाचा आवाज जरा वर जातो. कुणाचा मुलगा परदेशी गेला, कुणाची मुलगी डॉक्टर झाली, तसे आमचे बाबा झोपेत गेले. आजारपण नाही, खाटेवर पडून राहणं नाही, रात्री भाताबरोबर सुक्या बोंबलाचं कालवण जेवले आणि सकाळी उठले नाहीत. ‘पुन्यवान मानूस’ असं सगळं गाव म्हणालं. गाव वसईच्या खाडीकडचं, भाताचं आणि भाजीपाल्याचं. तिथे ‘ण’ कुणाच्या जिभेवर ठरत नाही. पण ‘न’ लावल्याने पुण्य कमी होतं असं कुणाला वाटत नाही.

आईने तो शब्द घट्ट धरून ठेवला. गावात कुणाकडे कुणी गेलं की ती भेटायला जाते, गेलेल्या माणसाच्या बायकोशेजारी बसते आणि बाबांचं सांगते. चेहरा कसा शांत होता, उशीसुद्धा कशी चुरगळली नव्हती, चहाला हाक मारायला ती गेली तर तिला कसं वाटलं की आत्ता उठतील. ऐकणारीला त्याने काय धीर येत असेल देव जाणे, पण सांगणारीला येतो. संध्याकाळी दिवा लावताना स्वतःसाठीही ती तेवढंच मागते.

बाबांची दुसरी कीर्ती घोरण्याची. ते घोरायला लागले की वाडीतली कुत्री उठून दुसरीकडे जात. आणि मी त्यांचा अधिकृत नकलाकार होतो. कुणाच्याही लग्नात हळदीला सगळी भावकी जमली की हमखास कुणीतरी म्हणायचं, “बापाचं घोरनं कर रे.” मी मांडवात आडवा व्हायचो. आधी होडीचं इंजिन सुरू व्हायचं, मग ते भर खाडीत जायचं, आणि मग मध्येच बंद. खरी करामत त्या बंदमध्ये होती. मी तोंड उघडं ठेवून निपचित पडायचो, बायका हसू दाबायच्या, पोरं मोठ्याने आकडे म्हणायची, आणि सगळ्यांचा धीर सुटत आला की मी घुर्र करून असा श्वास ओढायचो की टाळ्या पडायच्या. त्यातली सगळ्यांत मोठी टाळी बाबांची असायची. आई तोंडाला पदर लावून हसायची.

नकला करता करता मी कधी खराच घोरायला लागलो ते मला कळलं नाही. कळायचं कसं, मी झोपलेला. आता मी वसईतच, एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये राहतो. माझी बायको शेजारी असते, तिने बरीच वर्षं कोपराने काम भागवलं. पण दिवसासुद्धा मला कुठेही झोप लागायला लागली. सोसायटीच्या सभेत अध्यक्षाच्या खुर्चीत बसून मी घोरलो आणि टँकरवाला बदलायच्या ठरावाला अध्यक्षांची संमती आहे असं समजून तो मंजूर झाला. नवा टँकरवाला जुन्याहून वाईट निघाला. त्यानंतर बायको मला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली.

अंगाला तारा लावून एक रात्र झोपायची तपासणी झाली. अहवाल घेऊन डॉक्टरांसमोर बसलो तेव्हा ते घरच्या आजारांची विचारपूस करायला लागले.

“वडील?”

“झोपेत गेले,” मी गावातल्या आवाजात म्हणालो.

“घोरायचे का?”

आता नकलाकाराला कुणी असं विचारावं? मी खुर्चीत मागे रेललो आणि संपूर्ण प्रयोग केला. इंजिन, खाडी, मग ते बंद पडणं. बंद मी चांगलं लांबवलं. शेवटी घुर्र करून डोळे उघडले तर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं आणि बायको माझ्याकडे बघत नव्हती.

“आता इतक्या वर्षांनी नक्की कुणीच सांगू शकणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “हृदयाचं असेल, आणखी काही असेल. पण तुम्ही जी नक्कल केलीत ना, तो आजार आहे. झोपेत श्वास अडतो. तोच तुम्हाला आहे.”

बाहेर आल्यावर बायको एवढंच म्हणाली, “आईंना हे कळता कामा नये.”

ती असं का म्हणाली हे आमच्या घरातल्या कुणालाही सांगावं लागलं नसतं. बाबा गेले त्या रात्री आई त्यांच्याजवळ नव्हती. ती बाहेर ओट्यावर जाऊन निजली होती. ‘आत गरम होत होतं म्हनून,’ असं ती सांगायची. दिवस लावणीचे, बाहेर पाऊस, गरम कसलं होतंय असं तिला कुणी कधी विचारलं नाही. बाबा पुण्यवान म्हणून झोपेत गेले, यात ओटा कुठेच येत नव्हता. पण बाबा श्वास अडून गेले असतील तर सगळा ओटाच उरत होता.

मग मशीन आलं. पाव ठेवायच्या डब्याएवढं असतं. त्याला एक नळी, नळीला मास्क, मास्क पट्ट्यांनी डोक्याला बांधायचा. आरशात मी गणपती आणि विमानातला पायलट यांच्या मधलं काहीतरी दिसत होतो. मशीन नाकातून हवेचा दाब देत राहतं, म्हणजे घसा मिटत नाही. सवय व्हावी म्हणून दुपारीही थोडा वेळ लावून बसा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एवढंच सांगितलं होतं. बाकीची अक्कल माझी.

आमच्या सोसायटीच्या बागेत सकाळी प्राणायामाचा वर्ग भरतो. तिथे मी दोन आठवडे गेलो होतो, म्हणजे स्वतःला जाणकार समजण्याइतका. माझ्या मनात आलं की हवा फुकट येतेच आहे तर नुसतं बसायचं कशाला? मास्क लावून मी पूरक, कुंभक, रेचक सुरू केलं. मशीन हवा आत ढकलायचं, मी ती कोंडून धरायचो, मग मशीनच्या दाबाविरुद्ध पोट आत ओढून बाहेर लोटायचो. दुपारी करायचो, रात्री झोप लागेपर्यंत करायचो. आपल्याला दुप्पट गुण येणार याची मला खात्री होती. डॉक्टरांना एकदम सांगून चकित करायचं असं ठरवून मी कुणाला बोललो नाही.

याच सुमारास आई आमच्याकडे राहायला आली. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि गावच्या घरी चुलीच्या धुरात तिला ठेवायचं नव्हतं. हिरवा चष्मा लावून ती हॉलमधल्या दिवाणावर बसायची. दिसायचं कमी, म्हणून ऐकायची जास्त.

“आत काय फुसफुसतंय?” पहिल्याच दुपारी तिने विचारलं.

“वाफेचं मशीन आहे, आई,” बायको म्हणाली. “यांना सर्दी होते ना सारखी.”

“आनि पानी विकत आनलेलं घालता त्यात?”

“शुद्ध लागतं हो.”

“आमच्या बावखलात, उघड्या तळ्यात उतरून घागर भरायचो आम्ही, तेवढ्या पान्यावर हा मोठा झाला. आता याच्या नाकाला विकतचं पानी पायजे.”

बायकोने खोटं चांगलं सांगितलं होतं, पण आमच्या आईच्या स्वभावाचा विचार न करता सांगितलं होतं. सर्दी म्हटल्यावर ती हात बांधून बसणार थोडीच. दोन-तीन दिवसांनी मशीनची पाण्याची टाकी धुऊन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर सुकत ठेवली होती. आईने चाचपडत जाऊन ती ओव्याच्या काढ्याने भरून ठेवली. मी दुपारी मास्क बांधला, बटण दाबलं आणि दीर्घ पूरक केला.

त्यानंतरचं मी फार सांगत नाही. डोळ्यांतून, नाकातून पाणी, खोकला थांबेना, आणि पट्ट्या डोक्यामागे अशा घट्ट बांधलेल्या की मास्क निघेना. ओव्याचा वास आमच्या मजल्यावर संध्याकाळपर्यंत होता. आई बाहेरून म्हणत होती, “सुटतोय बघ कफ.”

दुसऱ्या दिवशी माझ्या छातीत दुखायला लागलं. मधोमध, हाडाच्या मागे, जड. श्वास घेतला की बरगड्यांच्या मधे ओढायचं, पोट फुगलेलं, आणि सकाळी उठताना असं वाटायचं की रात्रभर कुणीतरी छातीवर बसून आत्ताच उठून गेलंय. मी हे दोन दिवस लपवलं. शूर म्हणून नव्हे. मशीनने दुखतंय म्हटलं तर आई मशीन बंद करायला लावेल, आणि मशीन बंद करता येत नाही असं म्हटलं तर का नाही ते सांगावं लागेल. पण तिसऱ्या दिवशी पोळी मोडताना हात छातीकडे गेला आणि बायकोने बघितलं. बायकोने गॅस बंद केला. शेजारचे गृहस्थ अनवाणीच लिफ्ट धरून उभे राहिले. मला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. कार्डिओग्राम, रक्त, पुन्हा कार्डिओग्राम. हृदय ठणठणीत निघालं. अक्कल तपासायची सोय त्यांच्याकडे नव्हती म्हणून त्यांनी मला परत माझ्या झोपेच्या डॉक्टरकडे पाठवलं, मशीन घेऊन.

आई हटून बसली की मी येणार. “पोराच्या छातीत दुखतंय आनि मी काय दिवानावर बसू?”

डॉक्टरांच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. आई मधल्या खुर्चीत बसली, हिरवा चष्मा, मांडीवर पिशवी.

“मास्क लावल्यावर तुम्ही नेमकं करता काय?” डॉक्टरांनी विचारलं.

“प्राणायाम.”

“काय?”

“म्हणजे हवा येतेच आहे तर…”

त्यांनी बायकोकडे बघितलं. “खरं सांगतायत हे?”

“असंच असतं हो यांचं.”

“अहो, मशीन हवा आत देतंय, तुम्ही ती कोंडताय, मग जोर लावून बाहेर काढताय. रोज. छातीचे स्नायू दुखणार नाहीत तर काय होईल? आणि राहिलेली हवा गिळताय, ती पोटात चाललीय.” त्यांनी टाकी उघडली आणि नाकाजवळ नेली. “हा कसला वास?”

“ओवा,” आई म्हणाली. “मी घातला. सर्दीला बरा.”

“सर्दी कुणाला आहे?”

भिंतीवरचा पंखा तेवढा मान हलवत होता.

“आजी, हे सर्दीचं मशीन नाही,” डॉक्टर समजुतीने सांगायला लागले. “यांचा झोपेत श्वास थांबतो. म्हणून हे सोडून चालणार नाही. त्यात यांच्या वडिलांचं ऐकल्यावर तर मी…”

मी ढेकर दिला. इतक्या दिवसांची गिळलेली हवा होती, तिचा काहीतरी उपयोग व्हायला हवा होता. बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावले. डॉक्टर थांबले, बायकोच्या चेहऱ्याकडे त्यांनी एकदा बघितलं, आणि मग ते मशीनच्या बटणांकडे वळले. सुरुवातीचा दाब कमी केला, श्वास सोडताना मशीनने जरा माघार घ्यावी अशी सोय करून दिली, मास्कच्या पट्ट्या सैल केल्या. साधा श्वास घ्या, म्हणाले, काहीही करू नका. तरी दुखणं राहिलं किंवा वाढलं तर लगेच या.

रिक्षात आई पिशवी मांडीवर धरून बसली. घरी आल्यावर जेवली, ताटात काही टाकलं नाही, ताट स्वतः उचलून ठेवलं. मला वाटलं, ढेकराने काम केलं.

दुपारी मी हॉलमध्ये तिच्या समोर बसलो होतो. ती म्हणाली, “तुझा बाबाही असाच थांबायचा.”

“थोडंफार.”

“थोडंफार नाय. तूच तर करून दाखवायचास.”

मी टीपॉयवरचा पेपर उगाच सरळ केला.

“तवा होतं का हे मशीन?”

“नव्हतं,” मी म्हणालो. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. “आपल्या वसईत तर नव्हतंच.”

“मग मशीनचं सोड.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडवलं. “कोनी बाजूला असतं, हलवलं असतं, तर?”

मला प्रत्येक ठिकाणी काहीतरी सुचतं. मयताच्या घरीसुद्धा मी लोकांना हसवलेलं आहे आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या आहेत. तेव्हा मात्र मी तोंड उघडलं आणि फक्त राहिलेली थोडी हवा बाहेर आली.

बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. “काही उपयोग नसतो हो, आई,” ती म्हणाली. “मी यांच्या शेजारीच असते ना. मला काही कळत नाही. एकदा पडले की सकाळ. यांचा श्वास थांबला काय, चालू राहिला काय.”

इतक्या वर्षांचं कोपर तिने एका वाक्यात टाकून दिलं. ही बाई माझा श्वास परत येईपर्यंत अंधारात टक्क डोळे उघडे ठेवून पडायची. बहिणीच्या घरी लग्नाला गेली तरी रात्री राहायची नाही, कारण मला उठवायला कोण. लोक म्हणायचे, नवऱ्याशिवाय करमत नाही हिला. आणि ती लाजायची.

“इकडे ये,” आई तिला म्हणाली.

ती येऊन दिवाणाशी बसली. आईने चष्मा काढला.

“आई, चष्मा नका काढू, डॉक्टरांनी सांगितलंय.”

“गप बस.” आईने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. “हे काळं कशानं झालंय?”

“वय झालं आता माझंही.”

“वयाचं नाय ते.” आईने अंगठा तिच्या डोळ्याखालून फिरवला. “माझंही असंच होतं. तू लग्न होऊन आलीस तवा बघितलं असशील. तुला कोपर तरी मारता येतं, खाटेवर निजतेस. मी खाली, ते वर. मी खालून पाय मारायचे खाटेला.” ती जरा हसली. मग हसू तसंच राहिलं आणि आवाज बदलला. “रोज मारला पाय. एक रात सोडली नाय. ते दिवस लावनीचे. सकाळपासून वाकलेली, कंबर माझी नव्हती. म्हटलं, एक रात निजू दे मला. गरम नव्हतं गं. मला नुसती झोप हवी होती.”

बायको रडायला लागली. आई रडली नाही. ती माझ्याकडे वळली, तो उघडा, लालसर डोळा माझ्यावर धरून.

“लई चांगली झोप लागली मला त्या रात्री,” ती म्हणाली. “तशी पुन्हा नाय लागली.”

आम्ही तिच्यापासून काय लपवत होतो ते मला तेव्हा नीट कळलं. तिला आजाराचं नाव तेवढं माहीत नव्हतं. बाकी सगळं तिला त्या सकाळपासून माहीत होतं, आणि लोकांच्या घरी जाऊन शांत चेहरा आणि न चुरगळलेली उशी सांगताना ती ते आपल्याशीच ठेवत होती. मी तिला डॉक्टरांचं म्हणून सांगितलं, की नक्की काहीच सांगता येत नाही, हृदयाचंही असू शकतं, मग हलवूनही काही झालं नसतं. हे खरंच होतं. तिने ऐकून घेतलं. “डाक्टर चांगला आहे,” म्हणाली.

खाली भंगारवाला ओरडत गेला. बायकोने उठून आईच्या डोळ्यात औषधाचा थेंब घातला, चष्मा परत लावला.

“आन ते मशीन,” आई म्हणाली.

“आता?”

“आन. बघू दे मला.”

मी आतून मशीन आणलं, दिवाणाशेजारी जोडलं, मास्क बांधला आणि तिच्या शेजारी आडवा झालो. या वयात, या पोटाने, त्या दिवाणावर आईशेजारी मावायला मला अंग चोरावं लागलं. बटण दाबलं. फुसफुस सुरू झाली. आईने कान लावून ऐकलं, मग हात पुढे करून चाचपडत माझ्या छातीवर ठेवला, बरोबर मधोमध, जिथे हाडामागे ठणकत होतं. छाती वर आली की तिचा हात वर यायचा, खाली गेली की खाली.

“थांबत नाय ना मधे?” तिने बायकोला विचारलं.

“नाही, आई. आता नाही थांबत.”

“बघते मी.”

तिने दुसरा हातही ठेवला. पन्नाशी उलटलेल्या मुलाच्या छातीवर शेतात राबलेल्या बाईचे दोन हात, भार चांगलाच होता. श्वासागणिक दुखत होतं. मास्कमुळे बोलता येत नव्हतं तरी मला हात वर करून खूण करता आली असती. पण दुखतंय म्हणून कळलं असतं तर तिने हात काढून घेतले असते. मी डोळे मिटून घेतले आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा साधा, काहीही न करता, श्वास घेत राहिलो.